वरचं दूध

सासूबाई खोलीत येण्याआधी ओव्याचा धूर यायचा. गॅसवर फुलवलेला कोळशाचा एक निखारा मातीच्या पसरट भांड्यात ठेवून, त्यावर चिमूटभर ओवा टाकून, त्या धुराच्या मागोमाग सावकाश येत. आणि चौदाव्या मजल्यावरच्या त्या बंद खोलीत आश्विनातलं ऊन काचेतून आत पडून धुरात असं काही अडकून राही, की प्रकाशालाही बाहेरची वाट सापडू नये. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, पंखा बंद, माझ्या कानांत कापूस आणि डोक्याला सुती फडकं. काचेपलीकडे नायगावची खाडी आणि गवतानं भरत चाललेली जुनी मिठागरं दिसत. खाली माणसं स्टेशनकडे जात, येत. मी खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत.

सासूबाई वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातल्या. सारा जन्म भाताच्या चिखलात वाकलेल्या त्यांच्या पाठीला लिफ्टची, टाइल्सची, खिडकीत नुसतं आभाळ असलेल्या घराची सवय नव्हती. तरी माझी आई माझ्या लग्नाआधीच गेलेली म्हणून चाळीस दिवसांसाठी गाव सोडून त्या माझ्याकडे आल्या. बोलणं अगदी मोजकं. त्यांची माया हळिवाच्या खिरीत आणि तेल लावणाऱ्या खरखरीत तळव्यांत असे. ती तिथेच ओळखायची, हे कळायला मला वेळ लागला.

पाजणं म्हणजे बाळाला जवळ घेतलं की आपोआप घडणारी गोष्ट, अशी माझी समजूत होती. पहिले दोन दिवस पिवळसर, दाट चीक थेंबाथेंबानं आला आणि तेवढा सईला, माझ्या लेकीला, पुरतो, असं दवाखान्यात सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी भरून आली, इतकी की सईच्या इवल्या तोंडात काही धरताच येईना. तिची पकड निसटे, पुन्हा लागे, पुन्हा निसटे. आठवड्यात दोन्हीकडे भेगा पडल्या. ती जवळ आली की माझ्या पायांची बोटं आपोआप आवळली जात. एकदाचं पाजून संपे तोवर दुसऱ्या वेळची भूक जागी होई, आणि संध्याकाळी पाचपासून दिवे लागेपर्यंत ती सोडतच नसे. संध्याकाळी बाळं अशी सलग पितात, त्यात विपरीत काही नाही, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच वाटे की माझं शरीर माझं राहिलेलं नाही आणि ज्याचं झालं आहे त्यालाही ते पुरत नाही.

मी पाजत असताना सासूबाई दाराबाहेर थांबत. आत येत नसत. सईचं रडणं थांबलं की दार किंचित लोटून विचारत, पोट भरलं काय तिचं? दिवसातून दहादा तोच प्रश्न, त्याच खालच्या आवाजात. मला त्यात संशय ऐकू येई. नवरा, नीलेश, कामावरून आला की मी त्याला सांगायचे, आई माझ्यावर पहारा ठेवतात. तो हसून म्हणायचा, काळजी करते ती. दोघंही आपापल्या जागी खरे होतो.

बाराव्या दिवशी सासूबाईंना सोबत घेऊन दवाखान्यात गेले आणि सईचं वजन केलं. जन्मल्यावर वजन थोडं उतरतंच, पण एव्हाना ते बरंचसं भरून यायला हवं होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सईचं तर अजून उतरतच होतं. त्यांनी धीर दिला. पकड सुधारली की दूध वाढेल, तोवर प्रत्येक वेळी आधी अंगावर पाजायचं आणि मग थोडं पावडरचं दूध वाटी-चमच्यानं द्यायचं. तिथल्या सिस्टरनी सईचं पोट माझ्या पोटाला लावून धरायला, तिनं तोंड मोठं उघडेपर्यंत वाट बघायला आणि नुसतं टोक नाही तर भोवतालचा काळा भागही तिच्या तोंडात द्यायला शिकवलं. मी मान डोलावत होते. कानात शिरला होता तो फक्त पावडर हा शब्द.

घरी आल्यावर दुपारी सासूबाई वाटी घेऊन आल्या. मी तोंड फिरवलं. मला जमत नाही हे एकदा सगळ्यांना कळू द्या, असं काहीतरी कडू बोलले. त्यांनी वाटी खाली ठेवली, दार लावलं आणि पलंगाच्या कडेला बसल्या. त्या खोलीत त्या कधी बसल्या नव्हत्या.

"माज्या आंगाला दूदच आलं नाय," त्या म्हणाल्या. "नीलेशला माज्या थोरल्या जावेनं पाजलं. तिचं पाजून होईपर्यंत मी दाराबाहेर उभी राहायची. आनि आत गेले की लेकरू माज्याकडं येत नव्हतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीकडे पाहत होत्या.

"तुला टोचायला नाय विचारत मी, पोरी. मलाच भ्या वाटतं."

तेहतीस वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात ते माहीत मात्र सगळ्यांना होतं. थोरल्या काकू लग्नकार्यात चारचौघांत म्हणत, नीलेश माझ्या दुधावर वाढलाय, आणि सासूबाई तेव्हा वाढायची पातेली उचलून आत जात. आता त्या उठल्या, खिडकीची काच जोर लावून सरकवली. खाडीचा खारा, चिखलाचा वास असलेला वारा आत आला. मी वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी सईला मांडीवर घेतलं आणि एकेक चमचा असा पाजला, जणू इतकी वर्षं ते भाग्य त्यांना मिळायचं राहून गेलं होतं.

पुढचे तीन दिवस त्या माझ्या शेजारी बसल्या. सिस्टरनी शिकवलेलं मला आठवत नव्हतं, त्यांना आठवत होतं. आता नको, अजून तोंड उघडू दे, म्हणत त्या माझा हात धरून ठेवत. आणि एका सकाळी दुखलं नाही. सईच्या गळ्यातून गिळण्याचा बारीक आवाज येऊ लागला, थांबून-थांबून, आणि आम्ही दोघी तो ऐकत बसलो. तीन दिवसांनी वजन थोडं वाढलेलं निघालं. थोडंच. वाटी सुटली नाही.

त्याच आठवड्यात थोरल्या काकू बाळ बघायला आल्या. सासूबाई तेव्हा चमच्यानं दूध पाजत होत्या. काकूंनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, वरचं पाजता? माझी मान खाली गेली. सासूबाई आता वाटी झाकतील, उठून आत जातील, असं मला वाटलं.

"हो, पाजते," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "आंगावरचं पन देतो आनि हे पन. लेकरू उपाशी ठेवायचं काय?"

वाटी रिकामी झाल्यावर काकूंनी, मी घेऊ का, म्हणून हात पुढे केले; आणि सासूबाईंनी क्षणभर थांबून, सईच्या ओठांची कड पदरानं टिपून, तिला त्यांच्या हातांत दिलं. देणाऱ्या त्या होत्या. त्यांचा चेहरा त्या दिवशी कसा दिसला, ते मला सांगता येत नाही.

तिसऱ्या महिन्यात वाटी आपोआप सुटली. मी सईला दीड वर्ष पाजलं. सासूबाई गावी परतल्या आणि दोन पावसाळ्यांनंतर, भाताची कापणी सुरू असताना, एका छोट्या आजारात गेल्या. सई आता पहिलीत आहे. त्या चाळीस दिवसांतलं तिला काही आठवत नाही, आणि ज्यांना आठवलं असतं त्या आता नाहीत. त्या खोलीत खरोखर जे घडलं, ते जाणणारी मी एकटीच उरले आहे.