मागच्या सीटवरचं वजन

पडदेवाल्याची गाडी वळणावर झुकते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पण ते त्याच्या तोंडावर बोलण्याचा मान मेव्हण्याने मिळवला.

"भाऊजी, तुमची गाडी वळत नाही, लोळण घेते," मेव्हणा जेवताना म्हणाला. त्यावर पडदेवाल्याची बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

बायकोच्या हसण्याचं त्याला काही नव्हतं, संसार म्हटला की एवढं चालायचंच. पण मेव्हण्याने नुकतीच नवी गाडी घेतली होती, आणि नव्या गाडीवाल्याला जुन्या गाडीवाल्याला सल्ला दिल्याशिवाय जेवण पचत नाही.

"विकून टाका आता. नाहीतर रविवारी मला टेकडीवर फिरवून आणा. हातातला चहा सांडला नाही तर कान पकडीन."

एवढं बोलून मेव्हणा गेला. पडदेवाल्याच्या डोक्यात मात्र त्याचे कान राहिले.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो मोबाईलवर व्हिडिओ बघू लागला. गाडीच्या पोटाखाली एक आडवा दांडा असतो, त्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं. गाडी एका अंगाला कलली की हा दांडा पिळला जातो आणि तिला सावरून धरतो. दांडा जाड, तर गाडी ताठ. तो ज्या रबरी बुशांत बसतो ते झिजले, तर दांडा असून नसल्यासारखा.

नवा जाड बार घ्यायचा तर घरात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. म्हणून त्याने भंगारवाला गाठला. याच गाडीचं वरचं मॉडेल, मागून चेपलेलं, तिथे गवतात उभं होतं. त्याचा बार जाड होता आणि पुढून, जिथे तो बसतो, गाडीला ओरखडाही नव्हता. बुश मात्र त्याने नवे घेतले, रबराचे नव्हे, कडक जातीचे. पहिल्यांदा जुन्या दांड्याच्या मापाचे आणले आणि ते नव्या दांड्यावर चढेनात. आयुष्यभर लोकांच्या खिडक्या दोनदोनदा मोजणारा माणूस दांडा मोजायचा विसरला होता. दुकानदाराने बदलून दिले, पण फुकट हसून घेतलं.

मग गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवून तो खाली शिरला. गंजलेले बोल्ट तेल पिऊनही हटून बसले होते. शेवटी जुना बार सुटला आणि जुने बुश त्याच्या छातीवर पडले. शिळ्या पावासारखे भेगाळलेले, भोकं लांबट झालेली. ते बघताना त्याला गॅरेजचा मिस्त्री आठवला. "शेठ, बुश गेलेत," मिस्त्री सांगायचा. एकदा नव्हे, दर खेपेला. आणि शेठ म्हणायचे, "चालतेय ना गाडी? मग चालू दे." खर्च असा कितीसा होता? दोन पडद्यांच्या शिलाईएवढा.

बुश त्याने कचऱ्यात टाकले आणि पुढच्या कामाला लागला.

शनिवारी दुपारी सगळं घट्ट बसलं. आता टेकडीवर नेऊन बघायचं, पण रिकामी गाडी काय सांगणार? मागे कुणीतरी बसायला हवं. बायको बाहेर गेली होती. घरात होती फक्त ताई.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मागच्या खोलीत राहिली, त्याची मुलगी अंगाखांद्यावर वाढवली. तिला गाडी लागायची. पहिल्याच वळणावर चेहरा पांढरा, तिसऱ्या वळणावर पिशवी. "ताईचं पोट नाजूक" हे घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की ते तिच्या नावासारखं झालं होतं. मुलीचं लग्न टेकडीपलीकडच्या गावी ठरलं, तेव्हा त्यानेच सांगितलं, "ताई, तुझ्याने नाही व्हायचं. घर सांभाळ." ताईने घर सांभाळलं. लग्नाचे फोटो नंतर मोबाईलवर पाहिले. मुलीच्या सासरचं दार तिने अजून पाहिलेलं नव्हतं.

"ताई, जरा गाडीत बसतेस का? मागे वजन हवंय."

"मी?" ताईने डाळीचं ताट खाली ठेवलं. "अरे, घाण होईल गाडीत."

"होऊ दे. जवळच जायचंय."

ती एक पिशवी आणि अर्धं लिंबू घेऊन आली. मागे बसली, डोळे मिटले, लिंबू नाकाशी धरलं. पडदेवाल्याचं सगळं लक्ष गाडीत. पहिलं वळण आलं, गाडी ताठ. दुसरं आलं, तरी ताठ. खालून खट् नाही, खुट् नाही. तिसऱ्या वळणावर तो स्वतःशीच हसला आणि मनातल्या मनात मेव्हण्याचे कान धरले.

टेकडीच्या माथ्यावर त्याने गाडी थांबवली. मग आरशात मागे पाहिलं. ताईचे डोळे उघडे होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

"एवढी झाडं होती होय रे इथे?" ती म्हणाली. "मी कधी बघितलीच नाहीत." मग पिशवीची घडी घालत म्हणाली, "कसं गं बाई, आज मळमळलं नाही. माझं पोट सुधारलं वाटतं."

सुटकेचा रस्ता समोर मोकळा होता. "हो, सुधारलं असेल," एवढंच म्हणायचं होतं. तो तोंड उघडून बसला आणि ते वाक्य काही बाहेर येईना.

"मला टेकडी दाखवायची म्हणून तू एवढं खाली लोळून काम करत होतास?" ताई म्हणाली. "वेडा कुठला."

हे मात्र फार झालं.

"तुझ्यासाठी नाही गं," तो स्टिअरिंगला म्हणाला. "मेव्हणा हसला म्हणून. आणि पोट... पोट तुझं बरंच होतं. गाडीच डोलत होती. बुश गेले होते."

"असं होय." ताईने थोडा विचार केला. "तुला आत्ता कळलं?"

"मिस्त्री म्हणाला होता."

"कधी?"

कुणीतरी हॉर्न वाजवला तर बरं, असं त्याला वाटलं. रस्ता रिकामा होता.

"लग्नाच्या आधी."

ताईने रडावं, निदान चार शिव्या घालाव्यात, अशी त्याची फार इच्छा होती. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. तिने लिंबू पिशवीत टाकलं, दार उघडून उतरली आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.

"म्हणजे मी येऊ शकले असते," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"पोरीचं घर पलीकडे उतरलं की येतं ना? मग तिकडेच घे."

"आत्ता? असं कळवल्याशिवाय? माझे हात तर बघ, सगळं ग्रीस—"

"हातांना कोण बघतंय? सगळ्या नातेवाइकांना माझ्या पोटाचं मी सांगत आले. आता गाडीचं तू सांग."

पलीकडचा उतार त्याला आठवत होता त्यापेक्षा फारच लवकर संपला. गाडी कुठे डगमगली नाही, एखादा थांबा घ्यायचं निमित्तसुद्धा दिलं नाही. वाटेत मेव्हण्याचा फोन वाजला. त्याने उचलला नाही.

मुलीने दार उघडलं आणि किंचाळलीच. "आत्या! तू? गाडीतून? अगं, तुझं पोट?"

आतून जावईही आला. ताईने चपला काढल्या, मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि बाजूला सरकली. "बाबांना विचार."

पडदेवाल्याने काळे हात पाठीमागे नेले, घसा खाकरला.

"त्याचं असं आहे," तो म्हणाला. "गाडीच्या खाली एक बार असतो. स्टॅबिलायझर म्हणतात. तो दोन बुशांमध्ये बसतो. आता बुश म्हणजे काय, तर—"

"बुशचं नंतर," ताई म्हणाली. "मिस्त्री कधी म्हणाला, ते आधी सांग."