खेळायच्या आधीच फरदड

मी एक जुना कीबोर्ड आहे. मित्रांनो, जुनी वस्तू बोलू लागली की तुमाले वाटते, हे आता डोळे पुसत रडगाणं सांगणार. नाही बाप्पा! मले राग आलेला आहे. इतकी वर्षं झाली, पण तो उतरलेला नाही.

कोणत्या कारखान्यात झालो ते मले ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी थर्माकोलात होतो, नागपूरच्या एका दुकानात. तिथून माह्या मालकानं, उकंडानं, मले मांडीवर घेऊन एसटीनं पुसदले आणलं. शेजारच्या बाईनं इचारलं, "भाऊ, डब्यात काय हाय?"

"पेटी हाय माय, भजनाची," उकंडा म्हणे.

आर्णी येईपर्यंत ती बाई त्याच्या मागं लागली, वाजवून दाखव म्हणून. हा म्हणे, "एसटीत वाजवली तर कंडक्टर तिकीट मागते पेटीचं."

असा होता माह्या मालक. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, पण खोडी काही जाईना. बसस्टँडामागं त्याचं गेम पार्लर होतं. कॉम्प्युटर चार, कूलर एक. चपला बाहेर काढूनच आत यायचं, कारण कॉम्प्युटरले धूळ चालत नाही अशी तेव्हा साऱ्या गावाची समजूत होती.

ती कापसाची वाईट वर्षं होती. खरेदी केंद्रावर गाड्यायची रांग लागे अन् रांग हालतच नसे. बापाले गाडीजवळ बसवून पोट्टे माह्याकडं पळून येत. त्यायच्या कपड्यावरचा कापूस माह्या बटनायच्या फटीत जाऊन बसे. मंग उकंडानं एक थाप ठोकली: "याच्यावर फुंकर मारली का गेममधली गाडी डबल पळते!" झालं. अर्ध्या पुसदनं फुंकून फुंकून मले साफ ठेवलं. एवढी सेवा देवळातल्या देवाचीही होत नसेल.

त्या सुखाच्या दिवसांत प्रियंका आली. उकंडाची भाची, इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी. दुपारी पार्लर बंद असे, तेव्हा ती माह्यासमोर बसे अन् स्वतःचा गेम बनवे. शंकरपटाचा गेम! आपल्याकडं बैलजोड्यायची शर्यत लागते ना, तोच पट, पण कॉम्प्युटरवर. परदेशी मोटारी चालवून चालवून माह्यी बाणाची बटनं घासली होती, मित्रांनो. आता माह्यावरून बैल पळणार होते. मले किती आनंद झाला असेल!

पण उकंडाच्या पोटात गोष्ट राहते काय? त्यानं दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं: "येऊन राह्यला! आपला शंकरपट! अक्षय्य तृतीयेले!"

मंग जे सुरू झालं ते इचारू नका. बोरी अरबचे पोट्टे येऊन म्हणत, "ताई, आमच्या गावचा पट टाकजो." कोणी म्हणे गेममध्ये शंभर जोड्या हायेत. कोणी म्हणे खेळताना खरी धूळ नाकात जाते. एकजण तर शप्पथ घेऊन सांगे की त्यानं मुंबईत खेळून पाह्यला. मुंबईत! अजून तो माह्या पोटाबाहेर निघाला नव्हता, अन् जोड्या होत्या सहा.

महागावचा फुलचंद तर आपल्या बैलाचा फोटो घेऊन आला. पाखऱ्या नावाचा बैल, एक शिंग खाली वाकलेलं. "पोरी, याले घे. अन् शिंग सरळ नको करू, नाही तर मी रुसन." प्रियंकानं ते वाकडं शिंग चार दिवस गिरवलं. मले ठाऊक आहे, तिची बोटं माह्यावरच होती.

आता ऐका, माह्या रागाचं कारण.

गावात मधुसूदनराव म्हणून एक गृहस्थ होते. रिटायर झालेले कापसाचे ग्रेडर. ग्रेडरचं काम काय, तर गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, बोटानं ओढून पाहायचा अन् साऱ्या गाडीची प्रत सांगून टाकायची. एका मुठीवर पूर्ण गाडी पास, नाही तर नापास. रिटायर झाल्यावर हात रिकामे, म्हणून ते गावातल्या साप्ताहिकात लिहीत. नाटक असो, भजनस्पर्धा असो, लग्नातला मठ्ठा असो, मधुसूदनराव प्रत ठरवणार.

ते एका दुपारी आले. प्रियंकानं खुर्ची पुसून दिली. पहिला पट लागला. पहिला पट तिनं मुद्दाम सोपा ठेवला होता: मोकळं वावर, एक जोडी, हळू चाल. तिच्या आजीले, कांताबाईले, जिनं जन्मात कधी बटन दाबलं नव्हतं, तिलेही खेळता यावं म्हणून. मधुसूदनरावांनी एका बोटानं मले तीनदा टोचलं अन् उठले.

"काका, पुढं अजून पाच पट हायेत," प्रियंका म्हणाली.

"बाळ, भात शिजला का हे पाहायला पातेलं संपवावं लागत नाही. फरदड आहे."

फरदड म्हणजे शेवटच्या वेच्याचा मेलेला कापूस. गुरुवारी साप्ताहिकात छापूनही आलं: "बैल नव्हे, खोकी चालतात. सारा गेम रटाळ. पुसदकरांनी अपेक्षा ठेवू नयेत." सारा गेम! तीन टोच्यायत सारा गेम!

पण मित्रांनो, मले त्यायच्याहून जास्त राग लोकायचा आला. अरे, रांगेत उभं राहून याच मुठीवर तुमी रोज शिव्या देत होते ना? एका मुठीनं आमची गाडी नापास केली म्हणून बोंबलत होते ना? मंग हीच मूठ पोरीच्या मेहनतीत घातली तं तुमी टाळ्या कायले वाजवल्या? काल ज्यानं मुंबईत खेळल्याची शप्पथ घेतली, तोच आज म्हणे, "मी तं तेव्हाच म्हटलं होतं, बोगस हाय." गेम कालही त्यानं पाह्यला नव्हता अन् आजही नाही.

अन् फुलचंद आला. खाली पाहत म्हणे, "पोरी, माह्या पाखऱ्याचा फोटो वापस दे. लोक हसून राह्यले."

प्रियंकानं फोटो देला. मंग दार लावलं, माह्यासमोर बसली, अन् तिचं बोट माह्या डिलीटच्या बटनावर येऊन थांबलं. बोट ओलं होतं. मी कीबोर्ड! दाबलं का कामाले लागणं हाच माह्या धर्म. पण त्या दिवशी मले वाटलं, आपल्या फटीत एखादी सरकी अडकावी.

"थांब वं," मागून उकंडा बोलला. "कायले करते?"

"मामा, कोणालेच नको असन तं कायले ठेवू?"

"नको कोणाले हे तुले कसं समजलं? कोणी खेळलं काय? एक माणूस पूर्ण खेळू दे. मंग त्यानंच खराब म्हटलं तं मी सोता दाबतो हे बटन."

"कोण खेळन आता?"

उकंडा हसला. ते हसू मले माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं पार्लर उघडं ठेवलं अन् मधुसूदनरावायले बोलावून आणलं. "साहेब, तुमी गेम कसा खराब हाय ते पोट्ट्यायले समजावून सांगा. त्यायच्या डोक्यात उजेड पडला पाह्यजे." साहेब खुशीत आले. चपला बाहेर काढल्या, आत येऊन उभ्या उभ्या छान भाषण ठोकलं. जायले निघाले तं बाहेर चपला नाहीत!

"उकंडा, माझ्या चपला?"

"कुत्र्यानं नेल्या वाटते, साहेब."

"मग तुझ्या दे."

"माह्या त्यानं आधीच नेल्या."

"या मुलांच्या?"

सारे पोट्टे एका सुरात, "आमच्याही नेल्या, काका!"

"बारा जोड चपला? कुत्रा आहे की दुकानदार?"

"शौकीन दिसते," उकंडा गंभीर तोंडानं म्हणे.

बाहेर पुसदचं चैत्रातलं ऊन. सडकेवरचं डांबर लोण्यासारखं मऊ झालेलं. मधुसूदनरावांनी एक पाय पायरीवर ठेवला अन् असा उचलला, जसा तव्यावरून. "बसा साहेब, ऊन उतरू द्या," उकंडानं खुर्ची सरकवली, नेमकी माह्यासमोर. कूलर चालू. करायले दुसरं काहीच नाही.

पहिला पट त्यायनं कंटाळत पार केला. दुसऱ्यात धूळ उडाली, जोडी भरकटली. तिसऱ्यात त्यायनं चाबकाचं बटन धरलं अन् मले बडवू लागले. ठक ठक ठक! माह्यी हाडं खिळखिळी झाली, अन् तिकडं बैल वावरातच बसले.

"हे काय? बसले कसे?"

प्रियंका कोपऱ्यात तोंड फिरवून उभी होती. तिच्यानं राहवलं नाही. "काका, मारू नका ना त्यायले. जास्त मारलं का ते बसतात. मोठं बटन हलकं दाबा. थाप मारल्यासारखं."

मधुसूदनरावांनी माह्यावर दुसरा हातही ठेवला. थाप हलकी झाली. बैल उठले. पोट्टे ओरडले, "हान काका! अरे, हानू नका, थाप, थाप!" चौथा पट झाला, पाचवा झाला. सहाव्यात बाजूनं एक जोडी पुढं आली अन् साहेबायचे हात थांबले.

"अरे, हा वाकड्या शिंगाचा... हा महागावच्या फुलचंदचा बैल! केंद्रावर रांगेत माझ्या टेबलासमोरच उभा असायचा."

पाखऱ्या पुढं निघाला. साहेब हरले. ऊन उतरलं होतं. उकंडानं कूलरच्या मागून चपलायचं पोतं काढलं अन् दारात ओतलं. मधुसूदनरावांनी पोत्याकडं पाह्यलं, उकंडाकडं पाह्यलं. आता शिव्या पडणार म्हणून मी वाट पाहत होतो. ते आपल्या चपला शोधून, घालून गेले.

माफी त्यायनं कधी छापली नाही, मित्रांनो. तो राग मले आजही आहे. साऱ्या गावात छापून बदनाम करायचं अन् चूक उमगली का गुपचूप घरी जायचं, ही कोणती रीत?

पण सकाळी पार्लर उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले होते. प्रियंकाले पाहून उठले. "तुझ्या तिसऱ्या पटात चूक आहे. वळणावर आतला बैल बाहेरच्याइतकाच पळतो. असं होत नाही. आतला आखडतो. रात्रभर डोक्यात तेच होतं."

मले वाटलं, झालं, पोरगी आता रडते. पण तिचे डोळे चमकले. कुलूप काढता काढता ती म्हणाली, "दाखवा बरं कुठं, काका." अन् तिनं त्यायले माह्यासमोर बसवलं.

अक्षय्य तृतीयेले शंकरपट आला. वळणावर आतला बैल आखडत होता.

आता मी माळ्यावर आहे. माह्यी अक्षरं पुसली गेली, दोन बटनं निखळली. तुमच्या घरी माह्यासारखा कोणी असला तं त्याच्यावर चहा सांडू नका, कधीमधी फुंकर मारा. अन् कोणाच्या कामाले नावं ठेवायची असली तं खुशाल ठेवा, पोटभर ठेवा. पण बाप्पा हो, आधी दोन्ही हातांनी खेळा!