कोऱ्या निकालपत्रकावरच्या बारा सह्या

आमच्या मतदान केंद्रावर निकालपत्रकावर सह्या दुपारीच होतात. मतं मोजायची असतात संध्याकाळी आठनंतर, पण सह्या जेवण झाल्या झाल्या. वीस वर्षं हेच चाललंय. मी केंद्राच्या समितीची सचिव, त्यामुळे कोरी पत्रकं बाकीच्या अकरा सदस्यांपुढे फिरवायचं काम माझंच.

यात काही काळंबेरं आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. मोजणी संपेपर्यंत म्हातारे सदस्य पेंगायला लागतात, कुणाला गाय बांधायची असते, कुणाची शेवटची बस असते. शिवाय आमचे अध्यक्ष जेमालसर, म्हणजे आमच्याच शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची बायको दुपारी घरून गरम गरम खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी, पाठवते. चीज हातावर ओघळत असताना ज्याच्या घरचं खायचं, त्याच्यासमोर चष्मा लावून कागद तपासत बसायचं? आमच्या इमेरेती प्रांतात असं केलं तर तो माणूस जन्मात पुन्हा आपलं तोंड बघणार नाही. म्हणून आम्ही हात पुसतो आणि सही करतो.

गेल्या ऑक्टोबरातही तसंच झालं. सकाळी उशिरा युरोपातून आलेले दोन निरीक्षक केंद्रावर आले. उंच, सभ्य माणसं होती. त्यांनी पेटीचं सील बघितलं, यादी बघितली, आपल्या फॉर्मवर खुणा केल्या. जेमालसरांनी त्यांनाही खाचापुरीसाठी थांबायचा आग्रह केला, पण त्यांना अजून सात केंद्रं बघायची होती. एक वाजता ते गेले. सह्या तीनला झाल्या.

बारावी सही पडून पत्रक टेबलावर होतं, तेवढ्यात तेओना आत आली. ती एका संस्थेची स्थानिक निरीक्षक होती. माझ्या शेजारच्या इझोल्दाची मुलगी, सव्वीस वर्षांची, माझीच विद्यार्थिनी. मी मूळची भूगोलाची, पण नागरिकशास्त्राला माणूस मिळेना म्हणून सरांनी तोही विषय माझ्या गळ्यात मारला होता. कायद्याचं राज्य म्हणजे काय, युरोपच्या संघात जायचं तर देशाला काय काय करावं लागेल, हे तिला मीच शिकवलं. धड्याखालचे प्रश्न वाचून दाखवले, इतकंच.

तिने पत्रक उचललं. "बाई, आकडे कुठायत?"

"ठेव ते खाली," जेमालसर म्हणाले.

"सर, सह्या आहेत आणि आकडे नाहीत." तिने फोन वर केला.

सरांनी कागद ओढला. कागद फाटला. सर मागच्या बाकावर बसले. त्यांचे गुडघे असेच आहेत, ते वर्गातही असेच मधेच बसतात. तेवढंच झालं. दहा मिनिटांत पोलीस आले आणि तिला घेऊन गेले.

आरोप ठेवला तो असा: अध्यक्षांना ढकललं आणि भरलेलं निकालपत्रक फाडलं. चार वर्षांपर्यंत शिक्षा. फाटलेला कागद म्हणे फेकून दिला गेला, आणि तिचा फोन पोलिसांकडून परत आला तेव्हा त्यात एकही फोटो नव्हता. म्हणजे प्रश्न एवढाच उरला की कागद कोरा होता की भरलेला. बारा जणांना उत्तर ठाऊक होतं. अकरा जण पोलिसांना सांगून मोकळे झाले की भरलेला होता. दुपारी तीन वाजता भरलेला कसा, हे कुणी विचारलं नाही.

मलाही तिसऱ्या दिवशी बोलावलं. तपास अधिकारी झाझा, तोही माझाच विद्यार्थी, नकाशात कॅस्पियन समुद्र रंगवायचा राहिला की रडणारा. तो म्हणाला, "बाई, घाबरू नका, फक्त औपचारिकता." मी सांगितलं, कागद ओढताना फाटला. कोरा होता का, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्याने टाइप केलं. चार पानं झाली. प्रत्येक पानाखाली मी सही केली आणि घरी आले.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. दात काढायच्या आधी गाल बधिर करतात ना, तसं सगळं अंग. मुलं समोर बसलेली असायची, मी नद्या शिकवायची, तास संपायचा. घरी येऊन शेगडी पेटवायची आणि तिच्यासमोर कोट घालूनच बसायची.

इझोल्दा एकदाच आली. तिचे हात मक्याच्या पिठाने माखलेले होते.

"मी तुला खोटं बोल म्हणत नाही, मकवला. जे बघितलंस तेवढंच सांग."

"सांगेन."

"शपथ घे."

"इझोल्दा, सांगेन म्हटलं ना."

ती दारातच उभी राहिली होती. बस म्हणावं हेही मला सुचलं नाही.

कोर्टाच्या आदल्या दिवशी जेमालसरांनी शिक्षकांच्या खोलीचं दार लोटून घेतलं. "मकवलाबाई, उगाच हिरोगिरी नको. आठवत नाही म्हणा. तुम्ही सुटाल, मी सुटेन. बारा जणांना कशाला गोत्यात आणता? कोरे कागद फिरवले कुणी, हेही मग निघेल."

"आणि तेओना?"

"ती तरुण आहे," सर म्हणाले. मग म्हणाले, "मलाही वाईट वाटतं हो." मला वाटतं ते खरंच बोलत होते.

मी आठवत नाही म्हणणार होते. लपवत नाही, ठरवूनच गेले होते. जिल्ह्याच्या कोर्टात जानेवारीची थंडी होती, सगळे कोट घालून बसलेले. तेओना आरोपीच्या काचेच्या पिंजऱ्यात होती, आईचा राखाडी स्वेटर घालून. मी आत आले तशी ती उठून उभी राहिली. पहारेकरी म्हणाला, "न्यायाधीश अजून आलेल्या नाहीत, बस." ती म्हणाली, "बाई आल्यात." आणि उभीच राहिली.

न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कागद कोरा होता. सह्या आम्ही दुपारीच करतो. कोरी पत्रकं मी फिरवली. तेओनाने कुणाला ढकललं नाही." आवाज माझाच होता, पण तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा मी ऐकत होते. मागून इझोल्दाचा हुंदका आला. तेओनाच्या वकिलाने भराभर लिहून घेतलं. क्षणभर मला पायांत ऊब आल्यासारखं वाटलं.

सरकारी वकील सावकाश उठला. त्याच्या हातात चार पानं होती. त्याने वाचायला सुरुवात केली. 'मी, मकवला, सांगते की सर्व आकडे भरलेले पत्रक टेबलावर होते. आरोपीने अध्यक्षांना दोन्ही हातांनी छातीवर ढकलले. ती आरडाओरडा करत होती.' असं पानापानावर. त्यातलं एकही वाक्य मी बोलले नव्हते.

"ही सही तुमची?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझीच."

"चारही पानांवर?"

"हो."

"कुणी धमकावलं? मारलं?"

"नाही."

"मग?"

"मी वाचलं नव्हतं."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "आपण शिक्षिका आहात ना?" मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

निकाल असा: माझ्या दोन जबाबांपैकी पहिला, घटनेनंतर लगेच आणि स्वखुशीने दिलेला, तो विश्वासार्ह. बाकीचे अकरा त्याच्याशी जुळणारे. शिक्षा तीन वर्षं. तेओनाला नेताना तिने माझ्याकडे बघितलं की नाही, मला ठाऊक नाही. मी जमिनीकडे बघत होते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये इझोल्दा भिंतीला टेकून उभी होती. ती ओरडेल, झिंज्या धरेल असं मला वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

"मी पाचवीत शाळा सोडली, तरी समोरचा कागद वाचते. तू का नाही वाचलंस गं?"

तिला काहीतरी सांगायलाच हवं होतं. खरं तेच सांगितलं.

"झाझाने मला कॉफी करून दिली होती," मी म्हणाले. "त्याच्यासमोर वाचत बसायला बरं दिसलं नसतं."