पान चौदा, खोडलेली ओळ

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी बॉयलर मेकॅनिकचा फोन आला. तो एका धुलाईघराच्या तळघरातून जिना चढून वर आला होता, कारण खाली फोनला रेंज नव्हती.

"ताई, तुमच्या नव्या पुस्तिकेत चौथी पायरी म्हणते, झडप आधी उघडा. पाचवी म्हणते, झडप आधी उघडाल तर खबरदार. मी ऐकू कुणाचं?"

"कुणाचंच नको. थांबा."

"तासभर थांबतो. इथे चादरींचा डोंगर झालाय, सगळे माझ्या नावानं खडे फोडतायत."

ताई म्हणजे बॉयलर कंपनीच्या कागदपत्र विभागातली एकुलती एक कर्मचारी. जुन्या वर्ड प्रोसेसरमधल्या चारशे बारा फायली तिनं आदल्या दिवशी मार्कअपमध्ये आणल्या होत्या. मार्कअप म्हणजे साधा मजकूर आणि त्यात खुणा: हे शीर्षक, ही पायरी, हा इशारा. तपासणी तिच्या साहेबांनी जातीनं केली होती. कंपनीचं बोधचिन्ह प्रत्येक पानावर उजवीकडेच आहे, याची त्यांनी खात्री करून घेतली होती.

तिनं जुनी फाइल उघडली. चौथी पायरी तिथेही होती, पण तिच्यावर आडवी रेघ होती. या फायली वीस वर्षं तिच्या सासऱ्यांनी सांभाळल्या होत्या. ते काही पुसत नसत, फक्त खोडत. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं रेघ टाकून दिली आणि ओळ ठेवली. रद्द झालेल्या नऊशे सूचना एका दुपारीत पुन्हा कामावर रुजू झाल्या होत्या.

"मग खोडलेलं सगळं उडवा," साहेब म्हणाले. "एक घाव दोन तुकडे."

अकरा वाजून पाच मिनिटांनी दुसरी आवृत्ती सगळ्या मेकॅनिकांच्या टॅबवर आपोआप गेली. साहेबांनी सर्व विभागांना अभिनंदनाचा मेल टाकला. मेकॅनिकचा निरोप आला: 'मिळाली. उतरतो खाली.'

मग तिनं घरी सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, तुमचं खोडलेलं सगळं काढलं एकदाचं."

"सगळं? टिंबं दिलेलंसुद्धा?"

"कसली टिंबं?"

"अगं, छापखान्यात खोडलेल्या ओळीखाली टिंबं दिली, की ती राहू द्यायची. माझी तिथली सवय. तुझे साहेब आधी खोडायला लावायचे, मग म्हणायचे, राहू दे."

"हे कुठे लिहून नको का ठेवायला?"

"ठेवलंय की. पहिल्याच फायलीत."

पहिल्या फायलीत ते होतं. खोडलेलं. खाली टिंबं होती.

टिंबांच्या ओळी एकसष्ट निघाल्या. त्यातली एक मेकॅनिकच्याच पुस्तिकेतल्या पान चौदावरची: 'झाकणाचे बोल्ट सैल करण्यापूर्वी दाबमापकाचा काटा शून्यावर आल्याची खात्री करा.'

मेकॅनिकचा फोन लागेना. धुलाईघराच्या कचेरीतल्या बाईंनी, "पाठवते हं कुणाला तरी खाली," असं सांगून फोन ठेवला.

अकरा एकतीसला तिसरी आवृत्ती गेली. तळघरात वाय-फाय होतं, त्यामुळे टॅब कुठल्या पानावर आहे हे तिला स्क्रीनवर दिसत होतं. मात्र उघडं पान उलटल्याशिवाय नवी आवृत्ती समोर येत नाही. ही सोय साहेबांनी मागून घेतली होती, वाचताना मेकॅनिकचा गोंधळ उडू नये म्हणून.

टॅबवर पान चौदा अकरा वाजून बारा मिनिटांपासून उघडं होतं. अकरा चाळीसपर्यंत ते उलटलेलं नव्हतं.