शेवटी पूर्णविराम नको

वैजयंतीबाई नेपानगरहून बहादरपुरात पोचल्या तेव्हा लग्नघरातल्या एकूण एक बाईचे हात मेंदीनं माखलेले होते. उद्या त्यांच्या मुलाचं, निरंजनचं लग्न होतं. नवरीसाठी चुडा, हिरवी साडी आणि मावा जिलेबीचा मोठा पुडा घेऊन त्या आल्या होत्या. चुडा द्यायचा, चहा घ्यायचा आणि उजेडात परत निघायचं, एवढाच त्यांचा बेत होता. मेंदी त्या लावत नसत. लावली की हातांची आग आग व्हायची.

पेपर मिलच्या ऑफिसात त्यांनी टायपिस्ट म्हणून आयुष्य काढलं होतं. मोठ्या साहेबांची पत्रं त्यांच्याच हातची जायची, आणि साहेबांचं इंग्रजी चुकलं तर वैजयंतीबाई न विचारता सुधारून टाकायच्या. निवृत्त झाल्यावर बोटं रिकामी पडली. कधी कधी टीव्ही बघताना ती मांडीवरच टकटक चालायची आणि त्यांचं त्यांनाही कळायचं नाही.

होणाऱ्या सुनेबद्दल त्यांच्या मनात जरा धाकधूक होती. प्रतिभा हुशार होती, बुऱ्हाणपुरात कंप्युटर शिकलेली होती, वडिलांचं केळी पिकवायचं चेंबर तीच सांभाळत होती. पण पहिल्या भेटीत वैजयंतीबाईंनी तिचा बायोडाटा हातात घेतला आणि पाहुणे पोहे खात असतानाच त्यातल्या दोन स्पेलिंगच्या चुका तिला दाखवल्या. एक तर गावाच्या नावातलीच होती. पोरीनं मान हलवून 'हो काकू' म्हटलं, पण तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं. ते काय होतं, हे वैजयंतीबाईंना आज, मेंदीच्या दुपारी कळायचं होतं.

त्या दारात आल्या तेव्हा प्रतिभा गादीवर दोन्ही हात पंख्यासारखे पसरून बसली होती. मेंदी कोपरापर्यंत आणि अजून ओली. मांडीवर पडलेला तिचा फोन सारखा किणकिणत होता.

"काकू, बरं झालं आलात! जरा बघा ना कोणाचा मेसेज आहे. मला हात लावता येत नाही."

वैजयंतीबाईंनी चष्मा चढवला आणि वाचलं. "चेंबर एक, संपर्क नाही. चेंबर दोन, संपर्क नाही. कोण आहेत गं हे?"

प्रतिभा ताडकन उठली. "बाबा!" ती ओरडली.

तिचे वडील यशवंतराव अंगणातून धावत आले. "अगं, मांडववाल्यानं वायर जोडली अन् लाईट गेली होती. आली लगेच. पण तुझं मशीन काही सुरू होऊन नाही राह्यलं. चेंबरमधला गारवा बंद. आत माल भरलेला आहे ना माय, गरम झाला तर सगळी केळी एका रात्रीत गळून जातील!"

"रितेश कुठे आहे?"

"तुझा भाऊ गेला शहरात, त्या मोठ्या स्क्रीनवाल्याकडे. तुमच्या फोटोंची फिल्म दाखवायची म्हणे उद्या. फोन पण नाही उचलून राह्यला."

मग निघाली वरात, चेंबरकडे. पुढे यशवंतराव, मागे हात हवेत धरलेली नवरी, तिच्यामागे तिची आई ताराबाई आणि मेंदीवाल्या साऱ्या मावश्या-आत्या, सगळ्या हात वर करून, जणू कोणी पिस्तूल रोखलंय. सगळ्यांत शेवटी चुड्याची पिशवी छातीशी धरलेल्या वैजयंतीबाई.

चेंबरला लागून पत्र्याची खोली होती. आत टेबलावर एक जुना छोटा लॅपटॉप, त्याचा पडदा फुटलेला. म्हणून त्याला भिंतीवरचा टीव्ही जोडलेला. लॅपटॉपची बटणंही अर्धी गेलेली, म्हणून वेगळा कीबोर्ड. त्यातून तारा निघून दोन्ही चेंबरांत गेलेल्या, तिथे पत्त्याच्या पानाएवढ्या दोन हिरव्या सर्किटच्या पाट्या होत्या. प्रतिभानं हे सगळं भंगारातून आणि ओळखीपाळखीतून जमवलं होतं.

"कोणाचं काय, कोणाचं काय," ती म्हणाली, "पण सगळ्यांच्या पोटात एकच फुकटातली सिस्टीम आहे, लिनक्स. हा लॅपटॉप हुकूम सोडतो आणि त्या पाट्या गारवा चालू-बंद करतात. हाच झोपला तर सगळं झोपलं, आणि माझ्या फोनवर मघासारखं 'संपर्क नाही' येतं."

टीव्हीवर काळा पडदा होता, त्यावर पांढरी अक्षरं. वैजयंतीबाईंनी मान वर करून वाचलं. "इमर्जन्सी मोड, असं लिहिलंय."

"अगं बाई, इमर्जन्सी!" ताराबाई दचकल्या. "गाडी बोलवायची का?"

"आई, थांब गं." प्रतिभानं टेबलावर नजर फिरवली आणि कपाळावर हात मारायला गेली. शेवटच्या क्षणी आठवलं आणि हात हवेतच राहिला. "इथली काळी डिस्क कुठाय? रितेशनं नेली! फोटो भरायला! अहो काकू, हे मशीन सुरू होताना आधी घरातले सगळे आलेत का बघतं. एक जरी माणूस नसला तर पानं वाढायलाच तयार नाही. त्याला एवढंच सांगायचंय, की बाबा, डिस्क बाहेर गेलीय, तू जेवून घे."

"मग सांग ना," यशवंतराव म्हणाले.

"कशानं सांगू? हे बघा!" तिनं दोन्ही हात पुढे केले. ओल्या मेंदीत मोर, कमळं, आणि तळहाताच्या मधोमध निरंजनचं नाव. मावश्यांनीही आपापले हात पुढे केले. यशवंतरावांना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. मांडववाला आधीच पळाला होता.

"मी धुते हात," प्रतिभा म्हणाली.

"खबरदार!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

वैजयंतीबाईंनी चुड्याची पिशवी यशवंतरावांच्या हातात दिली. खुर्ची ओढली. पदर खोचला. पाठ ताठ केली, बोटं मधल्या ओळीवर ठेवली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या छातीत काहीतरी फुलपाखरासारखं फडफडलं.

"सांग," त्या म्हणाल्या.

प्रतिभा जागच्या जागी थिजली. "आधी पासवर्ड लागेल."

"सांग की."

"काकू... दुसरं कोणी नाही का?"

"अगं, केळी गरम होऊन राह्यली!" यशवंतराव म्हणाले.

प्रतिभानं डोळे मिटले, वाकली, आणि वैजयंतीबाईंच्या कानात काहीतरी पुटपुटली. वैजयंतीबाईंच्या भुवया किंचित वर गेल्या. बाकी चेहरा तसाच. त्यांनी टाईप करायला घेतलं आणि मध्येच थांबल्या.

"अक्षरं उमटतच नाहीत. रिबन संपलीय का?"

"नाही नाही, पासवर्ड दिसत नसतो. दिसत नसला तरी तो घेतो आहे."

"असं होय." त्या विचारात पडल्या. मग ऑफिसातल्या सवयीनं, खोलीभर ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात त्यांनी विचारलं, "खडूसमध्ये ओ दोन, की यू एकच?"

मावश्यांचे कान टवकारले.

"ओ... दोन," प्रतिभा जमिनीकडे बघत म्हणाली.

"आणि सासूचा एस मोठा?"

"हो. के पण मोठा."

"कोण खडूस?" यशवंतरावांनी विचारलं.

"मी," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि एंटरचं बटण दाबलं.

ताराबाईंच्या तोंडून "अगं माय माय माय" एवढंच निघालं. तोंड लपवायलाही हात मोकळे नव्हते. प्रतिभाचा चेहरा मेंदीपेक्षा लाल झाला. वैजयंतीबाई पडद्याकडेच बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतात. मग त्यांच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला, चष्मा घसरला, आणि त्या टेबलावर डोकं ठेवून अशा हसल्या की खुर्ची करकरली. त्या हसल्या म्हणून मावश्या हसल्या, मावश्या हसल्या म्हणून प्रतिभाही रडत रडत हसायला लागली.

"स्पेलिंग मात्र बरोबर आहे," डोळे पुसत वैजयंतीबाई म्हणाल्या. "बायोडाटापेक्षा बरं. चल, पुढे!"

"एन ए एन ओ, नॅनो. मग एक जागा सोडा. मग तिरकी रेघ, ई टी सी, तिरकी रेघ, एफ एस टॅब."

टकटकटक! एखादी सर यावी तशी बोटं चालली. एंटर. पडदा उघडला, आणि पूर्ण कोरा.

प्रतिभा टीव्हीकडे झेपावली. "कोरं कसं? त्यात त्याच्या घरातल्या सगळ्यांची यादी असते! ते गेलं तर... काकू, काय टाईप केलंत?"

"तू सांगितलंस तेच. आणि शेवटी पूर्णविराम."

"पूर्णविराम?"

"वाक्य संपलं ना."

"अहो काकू!" प्रतिभानं सुटकेचा असा श्वास टाकला की मेंदीचा एक कण टीव्हीवर उडाला. "शेवटी पूर्णविराम नको! ह्याला वाटलं दुसराच कागद मागवलाय. कंट्रोल धरून एक्स दाबा, बाहेर पडा."

दुसऱ्यांदा पूर्णविरामाशिवाय लिहिलं, आणि पडद्यावर ओळी आल्या. सगळ्यांत खालची ओळ त्या काळ्या डिस्कची होती.

"तिच्या सुरुवातीला हॅश टाका. तीनच्या डोक्यावरचं."

"नंबरचं चिन्ह. माहीत आहे मला."

"ते टाकलं की ती ओळ मशीन वाचतच नाही. आता कंट्रोल धरून ओ, मग एंटर."

खाली लाल पट्टी आली. वैजयंतीबाईंनी वाचली. "म्हणतोय, फक्त वाचायला परवानगी आहे, लिहायला नाही. आमच्या मोठ्या साहेबांचं कपाट असंच होतं. दुरून बघायचं."

"मग परवानगी घेऊ. न साठवता बाहेर या. आता लिहा: माउंट. जागा. आडवी रेघ आणि ओ. जागा. रीमाउंट. स्वल्पविराम. आर डब्ल्यू. जागा. तिरकी रेघ."

टकटकटक, एंटर. मशीननं कुरकुर केली, काहीतरी चुकलंय म्हणालं.

प्रतिभा पडद्याला नाक लावून उभी राहिली. "स्वल्पविरामानंतर जागा सोडलीत."

"सोडायचीच असते."

"इथे नाही सोडायची."

"असं कसं? परीक्षेत मार्क कापतात!" वैजयंतीबाई चिडल्याच. "मी एवढी वर्षं एकही स्वल्पविराम चिकटवून दिलेला नाही."

"आई, ह्याला चिकटलेलाच आवडतो!"

'आई' हा शब्द तिच्या तोंडून असाच निसटला. दोघींच्याही ध्यानात आलं, पण थांबायला कोणाला वेळ होता? वैजयंतीबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला, आयुष्यातला पहिला चिकटलेला स्वल्पविराम टाकला आणि बटण दाबलं. मशीन काहीच बोललं नाही.

"काहीच नाही म्हणालं," त्या हिरमुसून म्हणाल्या.

"काही नाही म्हणालं म्हणजे ऐकलं!"

"हे बाकी चांगलं आहे," यशवंतराव पुटपुटले आणि त्यांनी ताराबाईंकडे बघायचं टाळलं.

परत नॅनो, परत खालची ओळ, परत हॅश. या वेळी लाल पट्टी आली नाही. मग शेवटचा शब्द: रीबूट. पडदा काळा झाला. सगळ्या बायका हात वर धरून, श्वास रोखून टीव्हीकडे बघत राहिल्या. वैजयंतीबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मिलमध्ये इतकी पत्रं टाईप केली, पण पत्र पाठवल्यावर समोरचा उठून धावायला लागतो की काय हे बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

एक ओळ उमटली. तिच्या टोकाला हिरव्या अक्षरांत ओके. मग दुसरी. ओके. मग तिसरी, चौथी, आणि मग धबधबाच.

"ओके!" ताराबाई ओरडल्या.

"ओके! ओके!" मावश्यांनी ठेका धरला. प्रत्येक ओळीला सगळ्या मिळून ओके म्हणत होत्या आणि पाय आपटत होत्या. पत्र्याची खोली दणाणून गेली. ओळी संपल्या, क्षणभर काहीच नाही, आणि मग भिंतीपलीकडून खर्रर्र असा मोठा आवाज आला. गारवा सुरू झाला होता.

यशवंतरावांनी चुड्याची पिशवी उंच उडवली आणि नशीब चांगलं म्हणून झेललीसुद्धा. प्रतिभानं भान हरपून वैजयंतीबाईंना मिठी मारली. बाजूला झाली तेव्हा त्यांच्या रेशमी साडीच्या पाठीवर दोन मोर आणि अर्धं 'निरंजन' उमटलेलं होतं.

"हाय रे! आई, साडी..."

"राहू दे," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते आणि त्यांना खुर्चीवरून उठवत नव्हतं. "आणखी काय बिघडलंय का तुमच्याकडे?"

त्यांचा स्वतःचा फोन वाजला. निरंजन होता. "आई, अगं निघालीस का? तिथे सगळं ठीक आहे ना? काही बोलणं-बिलणं नाही ना झालं?"

"मी कामात आहे. नंतर कर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग यशवंतरावांनी त्यांना चेंबर दाखवलं. जाड दार उघडताच गार, गोडसर वास अंगावर आला. आत छतापर्यंत क्रेट लावलेले आणि त्यांत पिवळेपणाकडे झुकलेली केळीच केळी. कोपऱ्यात ती पानाएवढी पाटी एक बारीक दिवा मिचकावत होती. वैजयंतीबाईंनी वाकून तिला "शाब्बास" म्हटलं.

घरात येऊन जिलेबीचा पुडा उघडला. हात मोकळे असलेल्या त्या एकट्याच, म्हणून ताराबाईंसकट साऱ्या मावश्यांना भरवायचं कामही त्यांच्याकडेच आलं. प्रतिभाला घास देताना त्या म्हणाल्या, "खडूस सासूच्या हातचं खा."

"मी आजच बदलते तो पासवर्ड," प्रतिभा तोंडात जिलेबी असतानाच म्हणाली.

"मुळीच नाही. माझ्या बोटांना बसलाय आता."

एवढ्यात प्रतिभाचा फोन वाजला. बुऱ्हाणपुरातल्या सिंधीपुऱ्यातले यंत्रमागवाले शेख चाचा होते. त्यांच्या दुकानातला जुना कंप्युटर प्रतिभानंच लिनक्स घालून उभा केला होता, आणि तो आज प्रिंटर ओळखायलाच तयार नव्हता.

"त्यांना सांगा ना," प्रतिभा म्हणाली, "माझं उद्या लग्न आहे, परवा..."

पण वैजयंतीबाईंनी फोन कानाला लावला होता, हात पदराला पुसले होते आणि पाठ ताठ केली होती.

"हां, बोलिए चाचा. मैं उसकी सास बोल रही हूँ. घबराइए मत. स्क्रीनवर... मतलब, स्क्रीन पर जो लिखा है, वो एक-एक अक्षर पढ़िए. और हां, जो मैं बोलूँ उतना ही लिखना, अपने मन से कुछ भी नहीं!"

प्रतिभा गादीवर लोळून हसत होती, हात मात्र तेवढे वर धरून.