तांबडं कार्ड

हिरेगुंडीच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटरची एक जागा रिकामी होती आणि आमदार गौडांचं पत्र मात्र अर्ज मागवायच्या आधीच येऊन पडलं होतं. घोड्याआधी वरात!

पत्र आणणारा चन्नबसू, गौडांचा पीए, परीक्षेच्या दिवशी पुन्हा येऊन उपकेंद्राच्या अधिकारी शैलजा मॅडमच्या समोर पाय पसरून बसला होता. "इरण्णा आपला माणूस आहे, अक्का. सही करा. नाहीतर बदली होईल बीदरला. कुठं आलं, माहीत आहे ना?"

बदली शैलजाला आत्ता परवडणारी नव्हती. मुलगी दहावीला होती. पण शैलजाला भीतीपेक्षा राग जास्त आला होता.

"आधी परीक्षा," ती म्हणाली.

उपकेंद्राचा एक नियम होता. लाइन बंद करून खांबावर चढणारा वायरमन आपलं तांबडं कार्ड ऑपरेटरच्या टेबलावर ठेवतो आणि उतरल्यावर स्वतःच्या हातानं उचलतो. तोवर स्विचला हात लावायचा नाही. सकाळी दोन्ही उमेदवारांना हे बजावून सांगितलं होतं. आता कोठीतल्या जुन्या, मेलेल्या पॅनलसमोर त्यांना एकेक करून बसवायचं होतं. टेबलावर कार्ड होतं वायरमन यमनप्पाचं.

"फोन तुम्हीच करा," शैलजा चन्नबसूला म्हणाली. "गौडांच्या गिरणीची वीज गेलीय, चालू कर म्हणा."

चन्नबसू खूश झाला. हुकूम सोडणं हे तर त्याचं रोजचंच काम. फोन ठेवायच्या आत इरण्णानं खट्‌कन स्विच ओढला.

"बघा! गौडांच्या कामाला क्षणाचा उशीर नाही!"

मग दुसरी उमेदवार भारती बसली, कुंभारवाड्यातली. तिलाही तोच फोन गेला.

"कार्ड इथंच आहे, साहेब. यमनप्पामामा खांबावरून उतरल्याशिवाय होणार नाही."

"गौडा सांगतायत, ए पोरी! नाव काय तुझं?"

"भारती. लिहून घ्या. पण गौडा स्वतः आले तरी कार्ड मामाच उचलणार."

चन्नबसूनं फोन आपटला. "उद्धट पोरगी! आणि ते पॅनल तर खोटंच होतं, कोण मेलं?"

"मी," दारातून आवाज आला. यमनप्पा आत आला. तीस वर्षं त्यानं गौडांच्या प्रत्येक प्रचारात झेंडा धरला होता, हे चन्नबसूलाही ठाऊक होतं. "मत गौडांनाच देतो मी, दादा. पुढंही देईन. पण खांबावर मी असतो. इरण्णा खाली बसणार असेल, तर आधी तुमच्या भावाला वर चढवा."

शैलजानं चन्नबसूच्याच पत्राच्या पाठीवर लिहिलं: 'इरण्णानं कार्ड टेबलावर असताना फोनवरून लाइन चालू केली. नापास.' खाली सही ठोकली आणि पत्र त्याच्या हातात दिलं.

"गौडांना दाखवा. नियम चुकीचा असेल तर तसं लिहून द्या म्हणावं, त्यांच्या सहीनं."

"बीदरची तयारी करा, अक्का!"

"बीदरलाही खांब आहेत, चन्नबसू. तिथंही माणसंच चढतात."

बदलीचा हुकूम नवव्या दिवशी आला. लिहून मात्र कोणी काही दिलं नाही. शैलजा निघाली तेव्हा यमनप्पा समोरच्या खांबावर होता. त्यानं वरूनच हात केला. खाली टेबलावर त्याचं कार्ड होतं आणि टेबलामागं भारती.