पातळ पैसा

“शोभा, राग येऊ देऊ नको, पन लोके बोली ऱ्हायनात म्हनीसन सांगस,” मिरचीचा देठ खुडता खुडता हेमांगी म्हणाली. “उखाभाऊनी तठे दुसरं घर मांडी लिधं म्हने.”

शोभाबाईचे हात थांबले नाहीत. नंदुरबारबाहेरच्या त्या उघड्या माळावर मिरचीचे लाल ढीग वाळत पडले होते. बाया ओळीनं बसल्या होत्या, तोंडाला फडकी बांधून, आणि प्रत्येकीचे फक्त डोळे दिसत होते. ते सगळे डोळे एकदम आपल्याकडे वळले, हे तिला मान वर न करताही कळलं.

“कोन म्हने?”

“समदं धानोरं म्हनी ऱ्हायनं.”

हेमांगी तिची चुलत जाऊ. मनानं वाईट नव्हती; तिच्या पोटात काही टिकत नसे, इतकंच. आणि ती बोलली तेही खोटं नव्हतं. गावात बोलणं चाललंच होतं. नवरा परदेशात कमावतो आणि बाई मजुरीला मिरचीवर जाते म्हटल्यावर लोक गप्प बसतील कसे?

उखा, तिचा नवरा, कापसाच्या जिनिंगमधला फिटर. इकडच्या जिनिंग वर्षातून चार महिने चालायच्या आणि मग कुलूप. म्हणून तीन वर्षांपूर्वी विसरवाडीच्या नवनीत एजंटनं त्याला आफ्रिकेत, मलावी देशात पाठवलं. सुरतेच्या एका शेठची तिथं जिनिंग होती. महिन्याच्या महिन्याला शोभाबाईच्या खात्यात तीस हजार यायचे. त्यावर घराचा स्लॅब टाकून झाला, लेक ममता नर्सिंगला गेली. पण गेल्या दिवाळीनंतर तिसाचे वीस झाले, मग पंधरा. उखा फोनवर म्हणायचा, “हां, यावखत जरासं कमी शे,” आणि विषय बदलायचा. पगार कापला का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, पगार तितलाच शे.

पगार तेवढाच आणि घरी येतो निम्मा. मग उरलेला कुणाच्या चुलीत जातो? हे गणित गावानं सोडवलं होतं. शोभाबाईनंही मनातल्या मनात ते सोडवून पाहिलं होतं, आणि उत्तर तेच आलं होतं. फक्त ती ते कुणाला सांगत नव्हती.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं हात-तोंड धुतलं, तरी बोटांची आग होत होती. तशाच बोटांनी तिनं उखाला व्हिडिओवर फोन लावला. नेहमी तो उचलायचा नाही, मागाहून नुसत्या आवाजाचा करायचा. आज त्यानं चुकून उचलला.

“खरं सांगा,” ती म्हणाली. “कोन शे तठे?”

“कोन म्हंजे?”

“जिले तुम्ही निम्मा पैसा दी ऱ्हायनात.”

उखा हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा चेहरा असा काही झाला की तिनं फोन डोळ्यांजवळ आणला. तेव्हा तिला दिसलं. गालफाडं वर आली होती. सदऱ्याच्या गळ्यातून हाडं दिसत होती. मागे एकच पातेलं होतं आणि त्याभोवती नवनीतनंच गेल्या वर्षी धाडलेले हिलाल आणि जामसिंग उकिडवे बसलेले होते.

“अवं, पगार तितलाच शे,” तो म्हणाला. “पन अठला पैसामा. अठला सरकारनी दिवाईना टाइमले एक दिन सांगी टाकं, आपला पैसा आते हलका. डॉलरले पहिले जितला लागे, त्याना दीडपट लागाले लागना. बँकमा तर डॉलर भेटसच नही, बाहेर दुप्पट मांगतस. मंग तुले धाडाना तर कितला उरी?”

“म्हंजे गिलास तितलाच,” ती म्हणाली, “पन ताकमा पानी पडनं.”

“तसंच. आनि महागाई इतली, की तेल, साखर, मकाना आटा, हात लावता येस नही. आम्ही तिन्ही जन एकच टाइम जेवतस. उरेल ते घर धाडतस.”

नवरा उपाशी आहे हे ऐकून तिला आधी जे झालं ते दुःख नव्हतं, आनंद होता. लख्ख, छाती भरून आलेला आनंद. दुसऱ्याच क्षणी तिला त्याची लाज वाटली. पण झाला तो झाला.

“मंग सांगं काबर नही?”

“नवनीत बोलना, घर सांगू नका, बाया रडतीन, तुम्हनं मन कामवर लागाव नही. शेठ म्हने, करार अठला पैसाना शे, मी काय करू? आते नवा सीझन शे. सोमवारे शेठ विसरवाडीले येई ऱ्हायना, नवा फिटर लेवाले. त्यासले बी असंच...” तो थांबला. “जाऊ दे. तू रडू नको.”

“मी कोठे रडी ऱ्हायनू?” शोभाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मिरचीवर गेली नाही, चिंचपाड्याला गेली. हिलालची बायको मोहिनी तिथं माहेरी होती, आठ महिन्यांचं बाळ घेऊन. पोरगा पैसे धाडत नाही तर सून आणि नातू आम्ही पोसायचे का, असं म्हणून सासऱ्यानं तिला आणून सोडलं होतं. शोभाबाईनं सगळं सांगितल्यावर त्या पोरीनं मांडीवरचं बाळ उचलून छातीशी घेतलं.

“मी त्यासना फोन उचलनं बंद करी टाकं व्हतं, काकू,” ती म्हणाली. एवढंच.

जामसिंगचं घर सातपुड्यात, धडगावच्या वर. जीपनं आणि मग पायी. त्याची बायको रायलीबाई घरात पावरी बोलायची. मराठी तिला बाजारापुरती यायची. तिनं शोभाबाईला बसवलं, पाणी दिलं, आणि ऐकून घेतलं. नवनीतनं तिला फोनवर सांगितलं होतं, तुझा नवरा तिथं दारू पितो, त्याला विचार पैसे कुठं जातात. तिनं दोन बकऱ्या विकल्या होत्या.

“जामसिंग पीत नाही,” रायलीबाई शब्द जुळवत म्हणाली. “मला माहीत. पण मी कोणाला सांगू?” मग उठून तिनं दोरीवरची धुतलेली साडी काढली. “कधी जायचं?”

सोमवारी तिघी विसरवाडीच्या फाट्यावर उतरल्या. हायवेवर ट्रकांची रांग होती, टायरवाल्यांचे हातोडे वाजत होते. नवनीतचं हॉटेल रस्त्यालाच होतं आणि वरच्या मजल्यावर हॉल. जिन्यात नवनीतनंच त्यांना अडवलं.

“वहिनी, तुम्ही अठे कशा? काही अडचन शे का? मी घर येतू ना.”

“शेठले भेटनं शे.”

“हाऊ मानसासना व्यवहार शे, वहिनी.”

“पैसा कमी पडना तर चूल कोनी बंद पडनी, नवनीतभाऊ? मानसासनी का बायकासनी?” शोभाबाईनं विचारलं, आणि ती एक पायरी वर चढली. नवनीतला धक्का मारून बाजूला करावं लागलं असतं, पण तशी वेळ आली नाही. मोहिनीच्या कडेवरच्या बाळानं त्याची मिशी धरली, आणि तो दचकून बाजूला झाला.

हॉलमध्ये पंखा फिरत होता. खुर्च्यांवर आठ-दहा तरणी माणसं पासपोर्ट हातात घेऊन बसली होती. टेबलामागे सुरतेचा शेठ. गोरा, मऊ बोलणारा, समोर पाण्याची बाटली.

“बोला बेन,” तो म्हणाला.

शोभाबाईनं भाषण पाठ केलं होतं. जीपमध्ये, बसमध्ये, रात्री अंथरुणात. इतक्या पुरुषांसमोर उभी राहिल्यावर त्यातला एक शब्द आठवेना. तिला डोक्यावरचा पदर पुढे ओढून मागे फिरावंसं वाटलं. मग तिची नजर समोरच्या खुर्चीतल्या एका पोराकडे गेली. त्याच्या हातात नवाकोरा पासपोर्ट होता आणि तो ती काय बोलते म्हणून वाट पाहत होता. ती शेठशी बोललीच नाही. त्या पोरांकडे वळली.

“मन्हा मानूस तठेच शे, ज्या जिनिंगमा तुम्ही जाई ऱ्हायनात,” ती म्हणाली. “इना मानूस बी, आनि इना बी. पगारना आकडा तितलाच शे, जो तुम्हले सांगेल शे. पन तठला पैसा पातळ व्हई ग्या. तिन्ही जन एक टाइम जेवतस. मी मिरचीवर जास. हिले सासरानी काढी दिधं. हिनी बकऱ्या विक्या. आनि गाव म्हनस, आम्हना मानसासनी बाया ठेयात. तुम्ही जा. नका जाऊ, असं मी म्हनत नही. पन जाशात, तर तुम्हनी बायकोले आजच खरं सांगीसन जा.”

मागच्या खुर्चीतला एक उंच गडी उठला. इंद्रसिंग, तळोद्याकडचा.

“शेठजी, एक विचारू? रुईच्या गाठी तुम्ही कोणत्या पैशात विकता?”

शेठनं बाटलीचं झाकण लावलं. “एक्स्पोर्ट आहे. डॉलरमां.”

“मग आमचा पगारही तसाच बांधा. नाहीतर रुपयात बांधा.” इंद्रसिंगनं पासपोर्ट शर्टाच्या खिशात घातला आणि वरचं बटण लावलं. त्याच्या शेजारच्यानं लावलं. मग तिसऱ्यानं. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

“अरे बसा, बसा,” नवनीत म्हणाला. “बाईना नादे लागीसन पोटवर पाय दी ऱ्हायनात.”

शेठनं हात वर करून त्याला गप्प केलं. तो चिडला नव्हता. जूनमध्ये तिकडचा कापूस येणार होता आणि खानदेशचा फिटर नसला तर यंत्रं कोण चालवणार, एवढं त्याला कळत होतं.

“पगार रुपयात लिहू,” शेवटी तो म्हणाला. “तिकडचा पैसा पडला तर फरक आमचा. जेवण कंपनीचं. जुन्या तिघांचंही तसंच, या महिन्यापासून.”

“आनि मागलं?” शोभाबाईनं विचारलं.

“मागलं जाऊ द्या ने, बेन. अर्धं देऊ. अर्धं आपणे भूली जवानुं.”

खरं सांगायचं तर, अर्धं मिळेल असंही तिला वाटलं नव्हतं. तिनं मोहिनीकडे पाहिलं. मोहिनीनं मान हलवली, हो म्हणा.

तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली रायलीबाई पुढे आली. टेबलावर तिनं दोन्ही हात ठेवले. “अर्धं नाही,” ती म्हणाली. “आमचा माणूस अर्धा राबला नाही. पूरं.”

शेठनं तिच्याकडे पाहिलं. मग रांगेतल्या पोरांकडे. मग तो हसला, हरलेल्या माणसासारखा नाही, सौदा ओळखणाऱ्या माणसासारखा.

“पूरं,” तो म्हणाला.

नव्या करारात तसं लिहून होईपर्यंत एकाही पोरानं सही केली नाही. शेठनं तिथूनच मलावीला मॅनेजरला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि ठरलेलं एकेक सांगितलं. पलीकडे मॅनेजरनं ते ओरडून कामगारांना सांगितलं, तसं दूरवर कुणीतरी पत्र्यावर काहीतरी बडवायला लागलं, आरोळ्या उठल्या, आणि त्या गोंगाटात उखाचा आवाज आला, “हाई कसं व्हयनं? तठे कोन येल शे?”

“मी शे,” शोभाबाई म्हणाली.

पलीकडे पत्रा वाजत राहिला.

“मी आनि रायलीबाई आनि मोहिनी,” ती म्हणाली. “आज दोन टाइम जेवा.”

इकडे हॉलमध्ये नव्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या. बाळ दचकून रडायला लागलं, आणि त्याला गप्प करायच्या निमित्तानं मोहिनीला मनासारखं रडून घेता आलं. खाली हॉटेलात इंद्रसिंगनं तिघींना चहा पाजला. मोहिनी म्हणाली, ती आजच सासरी जाणार, कुणी न्यायला यायची वाट बघणार नाही. तिला नवापूरची बस मिळाली. रायलीबाईला धडगावकडची गाडी पुढं मिळणार होती. जाताना तिनं शोभाबाईचा हात हातात घेतला, मिरचीनं पोळलेली बोटं उलटीपालटी करून पाहिली, आणि सोडला.

धानोऱ्याच्या स्टॉपवर शोभाबाई उतरली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बातमी तिच्या आधी गावात पोचली होती. पारावर रोजचीच माणसं बसली होती, आणि त्यांच्यासमोरून जाताना गावातल्या सुना आजवर जशा गेल्या तशी तीही पदर तोंडावर ओढून, भिंतीच्या कडेकडेनं जात आली होती. आज ती रस्त्याच्या मधून चालली. पदर डोक्यावर होता, तोंड उघडं होतं.

गावातला सगळ्यात म्हातारा धुडकूबाबा काठीवर भार देऊन उठला आणि त्यानं आपली बसायची जागा हातानं झटकली.

“ये माय,” तो म्हणाला. “बठ.”

“बठाले टाइम नही, बाबा,” शोभाबाई म्हणाली. “सयपाक बाकी शे.”

आणि ती चालत राहिली. ती वळणाआड जाईपर्यंत म्हातारा उभाच होता.